माऊच्या उवा तुमच्या डोक्यात येणार नाहीत!

पार्किंगमध्ये भिजत बसलेलं पिल्लू तुम्ही रूमवर आणता. जुना टॉवेल, खोक्याचं घर, स्टोरीला फोटो, सगळं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर पांढरे ठिपके दिसतात. कोंडा असेल म्हणून झटकता, तर ते केसांना घट्ट चिकटलेले. तेवढ्यात एक ठिपका चक्क चालायला लागतो! रूममेट किंचाळते, "ई, उवा! आत्ताच्या आत्ता सोडून ये त्याला. आपल्या डोक्यात होतील!"

थांबा. नाही होणार.

मांजराची ऊ वेगळी. तिचं नाव फेलिकोला सबरोस्ट्रेटस. पाळीव मांजरांवर उवांची हीच एक जात आढळते. जेमतेम १ ते १.५ मिलिमीटरची, पिवळसर, टोकदार डोक्याची. डोक्याखाली खाच असते, त्यात मांजराचा केस बरोब्बर बसतो. आपल्या डोक्यातली ऊ रक्त पिते, ही मात्र मेलेल्या कातडीचे कण खाते. माणसावर ती टिकत नाही. मांजरापासून सुटली तर थोड्या दिवसांत मरते. दुसऱ्या मांजराला मात्र लागू शकते, म्हणून घरात आधीच एक माऊ असेल तर दोघांना वेगळं ठेवा.

खरी काळजी वेगळीच आहे. धडधाकट मांजर खरखरीत जिभेने दिवसभर स्वतःला चाटून साफ करतं, त्यामुळे उवा फारशा वाढत नाहीत. त्या वाढतात लहान पिल्लांवर, म्हाताऱ्या, आजारी किंवा केसांच्या गाठी झालेल्या मांजरांवर. म्हणजे अंगभर उवा दिसल्या, तर माऊला स्वतःची काळजी घेणं जमत नाहीये, एवढं समजा. अशा वेळी तिला बाहेर सोडायचं?

आणि एक चूक तर अजिबात नको. घरात कुत्र्याचं औषध आहे म्हणून तेच लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. झटके येतात, जीवही जातो.

सरळ प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. वय आणि वजन बघून ते मानेवर टाकायचे थेंब देतात. औषधाने लिखा मरत नाहीत, म्हणून सांगितलेल्या तारखेला दुसरा डोस द्याच. फणी फिरवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा.

आणि रूममेटला सांगा, तिचे केस सेफ आहेत. पिल्लू राहतंय.