नाव तेच, माप निराळे

संगणकाचा विषय निघाला की 'ते विज्ञानवाल्यांचे काम' असे म्हणून मोकळे होण्याची आपल्या कला शाखेत रीत आहे. मीही तेच म्हणत असे. परंतु गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रकल्पात मला जो धडा मिळाला, तो आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

कापूस-सोयाबीनची माहिती देणारे यूट्यूबवरील वीस शॉर्ट्स, म्हणजे छोटे व्हिडिओ, मी निवडले होते. ते रोज किती वेळा पाहिले जातात याची मी नोंद ठेवीत असे. हे आकडे 'एपीआय'मार्फत मिळतात. एपीआय म्हणजे तहसिलीची खिडकीच समजा. गट नंबर सांगितला की सातबाऱ्याची नक्कल हाती येते. आत दप्तर कसे लावले आहे ते आपल्याला दिसत नाही. तसाच येथे व्हिडिओचा क्रमांक दिला की ठरावीक रकान्यांत आकडे परत येतात.

2025 च्या मार्चअखेर हे आकडे एकाएकी चढू लागले. 30 मार्चला गुढीपाडवा होता. माझे वडील सालगडी आहेत. त्यांचे साल पाडव्याला बदलते. मी लगेच निष्कर्ष लिहिला की, पाडव्याला नवे शेतीवर्ष सुरू होताच शेतीतील माणूस माहितीकडे वळतो. आपल्या माणसांविषयी आपण काही शोधून काढले, याचा मला केवढा अभिमान वाटला! घरी वाचून दाखवले. वडील म्हणाले, "पाडव्याला मालक बदलतो, काम तेच ऱ्हातं. मोबाइल बघायला येळ कुठून वाढला?"

मी चरकलो व सरांकडे गेलो. त्यांनी उलट मलाच विचारले, "1991 च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 21 लाख, 2001 मध्ये सुमारे 15 लाख. सहा लाख माणसे गेली कुठे?" कोठेच गेली नव्हती. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नाव परभणीच राहिले, हद्द बदलली. "तुझ्या आकड्यांचे असेच काही झाले आहे का, ते पाहा."

झाले होते तसेच. पूर्वी शॉर्ट काही सेकंद पाहिला गेला तरच तो मोजला जाई. 31 मार्च 2025 पासून तो नुसता सुरू झाला, किंवा पुन्हा सुरू झाला, तरी प्रत्येक वेळ मोजली जाऊ लागली. रकान्याचे नाव मात्र तेच. सूचना आधीच प्रसिद्ध झाली होती; मीच ती वाचली नव्हती.

असे बदल मुख्यतः दोन प्रकारचे. एकात रकानाच नाहीसा होतो. डिसेंबर 2021 मध्ये यूट्यूबने नापसंतीचा आकडा इतरांना देणे बंद केले. तो आता फक्त व्हिडिओच्या मालकाला मिळतो. येथे चूक निदान लवकर दिसते. दुसऱ्यात रकाना तोच राहतो, अर्थ बदलतो. येथे काहीच अडत नाही, म्हणून हा प्रकार अधिक घातक.

यावर मी आता चार गोष्टी पाळतो. आलेले उत्तर तारखेसह जसेच्या तसे जपून ठेवतो. रकाना रिकामा आला तर तेथे शून्य लिहीत नाही. 'मिळाला नाही' असेच लिहितो. आकड्याने अचानक उडी घेतली तर आधी बदलांच्या सूचना वाचतो, कारण नंतर शोधतो. आणि माप बदलले त्या तारखेला आलेखावर उभी रेघ मारून दोन्ही बाजूंची तुलना टाळतो.

पाडव्याचा निष्कर्ष मी खोडला. प्रकल्प चार पानांनी कमी झाला. ती पाने लिहिताना मी ज्यांच्याविषयी लिहीत होतो, त्यांनाच आधी विचारायला हवे होते, एवढे मात्र मनावर कोरले गेले.