ऑक्सफर्डची गाडी, कोकणचा पाऊस

इंग्लंडात ऑक्सफर्ड शहराला लागून काउली नावाचं गाव आहे. सायकली दुरुस्त करणाऱ्या विल्यम मॉरिसने तिथे मोटारींचा कारखाना काढला. त्या कारखान्यातून १९५६ साली 'मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री' बाहेर पडली आणि तीनच वर्षांत, १९५९ मध्ये, तिथल्या लोकांनी ती बंद करून नवं मॉडेल आणलं. आपल्याकडे मात्र हीच गाडी पन्नासहून अधिक वर्षं बनत राहिली. तिचं नाव अॅम्बॅसिडर. कलेक्टरची, मंत्र्याची, डॉक्टरची आणि सावर्ड्यासारख्या महामार्गावरच्या गावात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याचीही. जिला तीन पिढ्यांनी अस्सल देशी गाडी मानलं, तिचं कूळ असं थेट इंग्रजी.

ती इथे रुजली ती धोरणामुळे. हिंदुस्थान मोटर्स ही बिर्लांची कंपनी १९४२ मध्ये गुजरातच्या ओखा बंदरात सुरू झाली आणि नंतर कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेली. मॉरिसशी करार करून तिने आधी हिंदुस्थान टेन, मग लँडमास्टर आणि शेवटी अॅम्बॅसिडर काढली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने नियम केला: जो इथे सुटे भाग बनवेल त्यानेच मोटारी विकाव्यात, नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. मुंबईत शिवडीला जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने कारखान्याला कुलूप लावलं. उरल्या मुख्य तीन मोटार कंपन्या. वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर इटालियन फियाट बनवत होती. बाकीच्या दोघी इंग्रजी वळणाच्या: उत्तरपाड्याची हिंदुस्थान आणि मद्रासची स्टँडर्ड. मुंबईची टॅक्सी फियाट झाली. पण घाट, खडी, चिखल आणि सामानासकट सात-आठ माणसं असा प्रवास असला की लोक अॅम्बॅसिडर मागायचे.

इंग्रजी गाडी आणि सह्याद्रीचे घाट यांचं नातं त्याहून जुनं आहे. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची कसोटी लागली, तेव्हा 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स रॉइस घाट पार करून पहिली आली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. सामान्य माणसाच्या वाट्याला इंग्रजी इंजिन आलं ते एसटीतून. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी सुरू झाली तेव्हा ताफ्यात बेडफर्ड गाड्या होत्या. सुरुवातीच्या वर्षांत मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर अशी ब्रिटिश नावंही होती. खेड्यापाड्यातल्या मेकॅनिकांचा हात इंग्रजी नटबोल्टांवर बसला तो अशा गाड्यांवर.

सावर्ड्याहून चिपळूणला जाऊन कराडचा रस्ता धरला की कुंभार्ली घाट लागतो. एप्रिलच्या दुपारी भरलेली अॅम्बॅसिडर हा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढते. वरच्या एखाद्या वळणावर ती आचके देते आणि बंद पडते. नवख्याला वाटतं पेट्रोल संपलं. जुना ड्रायव्हर शांतपणे बॉनेट उघडतो. इंजिनाच्या बाजूला असलेला पेट्रोलचा पंप इतका तापलेला असतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पुढे ढकलली जात नाही. तो फडकं भिजवून पंपावर गुंडाळतो, वरून पाणी शिंपडतो, विडी ओढून होईपर्यंत थांबतो आणि गाडी चालू होते. सावध ड्रायव्हर ओलं फडकं पंपावर बांधूनच घाटाला लागायचे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात वाचून आलेलं नाही, आणि म्हणूनच ते मोलाचं आहे.

या गाडीची सगळी रचनाच अशी उघडी. बॉनेट वर केलं की दोन्ही बाजूंना हात घालायला जागा असते. १४८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) हेच बी-सीरिज इंजिन इंग्लंडात एमजीच्या स्पोर्ट्स कारमध्येही होतं. कार्ब्युरेटर, डायनॅमो, कॉइल आणि मेकॅनिकांच्या भाषेत 'डेल्को', म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग. सकाळी गाडी चालू झाली नाही तर तपास ठरलेला: प्लग काढून बघा, ठिणगी येते का? येत नसेल तर डेल्कोचं झाकण काढा, आतला ओलावा पुसा, पॉइंट पॉलिश पेपरने घासा, कंडेन्सर बदलून बघा. श्रावणात कोकणातल्या निम्म्या तक्रारी या झाकणाखालच्या ओलाव्यापाशीच मिटतात. बॅटरी उतरली असेल तर पुढून हँडल मारायचं. संगणक न लावता, ऐकून आणि हात लावून या गाडीचा आजार कळतो. तिच्या दीर्घायुष्याचं कारण इथेच आहे. पत्र्याची जाडी ही त्यापुढे दुय्यम गोष्ट.

कारण तो जाड पत्रा कोकणात वैरी होतो. अॅम्बॅसिडरला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. पावसाळ्यात दारांच्या काचेवरून आत उतरलेलं पाणी खालच्या भोकांतून निघून जायला हवं. ती भोकं लाल मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि दाराखालची पेटी आतून कुजते. वरून रंग चकचकीत आणि खाली बोट दाबलं की पापुद्रा निघतो. म्हणून जाणता माणूस जुनी गाडी घेताना आधी कार्पेट उचलतो आणि गाडीखाली वाकतो. इंजिन कधीही बांधता येतं, कुजलेला तळ मात्र कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागतो, आणि हे काम सरळ रेषेत करणारे टिंकर आता मोजके उरले आहेत. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीच्या हेराल्डची गोष्ट थोडी वेगळी. तिला खाली स्वतंत्र चासी होती, आणि पुढचं अख्खं नाक बॉनेटसकट पुढे कलंडायचं. टायरवर बसून इंजिनाचं काम करता येई. जिओव्हानी मिचेलोत्ती या इटालियनाने रेखाटलेली ती डौलदार इंग्रजी गाडी आज फार थोड्यांच्या दारात दिसते.

ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी पावसाळ्याआधी दारांची भोकं तारेने मोकळी करावीत, तळाला जुनं ऑइल फासावं, पुढच्या चाकांच्या सगळ्या निपलांमध्ये ग्रीस भरावं. प्लॅस्टिकचं कव्हर टाकू नये. खाली वाफ धरते आणि गंज दुपटीने वाढतो. गाडी आठवड्यातून एकदा तरी दहा किलोमीटर फिरवावी. उभी राहिलेली गाडी धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मरते. ब्रेकचे सिलिंडर आखडतात, क्लच प्लेट चिकटते, टाकीत गाळ बसतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी स्वतंत्र 'व्हिंटेज' नोंदणी आणली. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडीच्या चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात नसावी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठी ती रस्त्यावर येऊ शकते. साठच्या दशकातल्या मार्क टू अॅम्बॅसिडर आणि हेराल्ड या वयात सहज बसतात. नियम चांगला आहे. पण त्याच महिन्यात, २२ जुलैला, वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं आणि असंख्य गाड्या बुडाल्या. सरकारी नियमाने जुन्या गाडीला नंबर मिळतो. पुराचं पाणी गेल्यावर तिचा गिअरबॉक्स खोलून धुणारा माणूस मिळवणं त्याहून अवघड आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्याला वर्षाला वीस हजारांवर अॅम्बॅसिडर विकल्या जात. २०१३-१४ मध्ये हा आकडा सुमारे २२०० वर आला. २०१३ मध्येच बीबीसीच्या 'टॉप गिअर' कार्यक्रमाने तिला जगातली सर्वोत्तम टॅक्सी ठरवलं होतं. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचं उत्पादन थांबलं आणि २०१७ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने फक्त हे नाव ८० कोटी रुपयांना घेतलं.

नाव विकत घेता येतं, हातांतलं कसब तसं घेता येत नाही. या गाड्या बांधणारे मेकॅनिक आता साठी-सत्तरीत आहेत. गोविंदराव निकमांनी उभारलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेचं पॉलिटेक्निक सावर्ड्यात आहे, कला महाविद्यालयही तिथेच आहे. एका वर्गाने या मेकॅनिकांसमोर बसून एक जुनं इंजिन खोलावं आणि पुन्हा बांधावं, दुसऱ्याने प्रत्येक भागाचं चित्र काढावं, आणि मिळून मराठीत एक दुरुस्तीची पुस्तिका करावी. ज्यांच्या पडवीत अशी गाडी उभी आहे त्यांनी ती भंगारात देण्याआधी एकदा या मुलांना दाखवावी, आणि आरसी बुक, जुनी बिलं, सुटे भाग यांतलं काहीही टाकून देऊ नये.