मोठ्या कॅमेऱ्यात क्ष-किरण फिल्म
(लेखमाला : मोठ्या निगेटिव्हची छायाचित्रकला – लेखांक ११)

क्ष-किरण फिल्म नावाला क्ष-किरणांची असली तरी तिच्यावरची प्रतिमा उमटते ती मुख्यतः साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाने. क्ष-किरण इतके भेदक असतात की पातळ इमल्शनमधून ते बहुतेक सगळे आरपार निघून जातात. त्यांच्याच भरवशावर चित्र काढायचे तर रुग्णाला किरणांची फार मोठी मात्रा द्यावी लागेल. म्हणून फिल्म एका कॅसेटमध्ये, दोन चमकणाऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून बसवतात. किरण पडले की हे पडदे उजळतात, आणि फिल्मवर होणाऱ्या परिणामातला ९५ टक्क्यांहून अधिक वाटा या उजेडाचा असतो. म्हणजे ही मुळातच प्रकाशचित्रणाची फिल्म आहे. पडद्याऐवजी भिंगातून आलेला प्रकाशही ती टिपते. शिवाय तिचा दर छायाचित्रणाच्या शीट फिल्मच्या दराच्या काही अंशाइतकाच असतो. ८×१० इंची किंवा त्याहून मोठ्या कॅमेऱ्याने काम करणारे तिच्याकडे वळले ते यामुळे.

रोंटगेन यांनी १८९५ साली पहिली क्ष-किरण चित्रे घेतली ती काचेच्या छायाचित्रण-प्लेटवर. पुढे १९१८ च्या सुमारास कोडॅकने दोन्ही बाजूंना इमल्शन असलेली फिल्म आणली आणि दोन पडद्यांची कॅसेट रूढ झाली. जुने पडदे कॅल्शियम टंगस्टेटचे असत आणि निळे चमकत. १९७० च्या दशकात दुर्मिळ मृदा-मूलद्रव्यांचे पडदे आले. त्यांतला सर्वांत प्रचलित प्रकार सुमारे ५४५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. ज्या पडद्याचा जो रंग, त्या रंगाला जागणारी फिल्म लागते. बाजारात ‘ब्लू’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन जाती दिसतात त्या यातूनच आल्या.

हिरवी जात निळा आणि हिरवा दोन्ही प्रकाश टिपते, निळी जात निळ्यापलीकडे फारसे काही पाहत नाही. लाल मात्र दोघींनाही दिसत नाही. त्यामुळे कपाळावरचे कुंकू चित्रात काळे येते, ओठ गडद होतात, त्वचेवरचा प्रत्येक डाग उठून दिसतो, आणि निळे आकाश पांढरेफटक पडते. हळदीचा पिवळा रंग निळ्या फिल्मवर काळवंडतो, हिरव्या फिल्मवर बराच उजळ राहतो. झाडापानांचेही तसेच. निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे दोन्ही करायची असतील तर हिरवी जातच घ्यावी.

लाल न दिसण्याचा मोठा लाभ डार्करूममध्ये मिळतो. गडद लाल दिव्यात ही फिल्म उघड्यावर हाताळता येते, आणि डेव्हलपरमध्ये चित्र उमलताना पाहता येते. दिवा सुरक्षित आहे की नाही हे आधी तपासावे. फिल्मच्या तुकड्यावर नाणे ठेवून तो दिव्याखाली पाच-दहा मिनिटे राहू द्यावा आणि मग धुवावा. नाण्याचा गोल उमटला तर तो दिवा कामाचा नाही. लाल काचेतून किंवा एलईडीतून थोडासा पिवळा-हिरवा प्रकाश निसटला तरी फिल्म धुरकटते.

खरेदी करताना एक गफलत हमखास होते. आज बहुतेक निदान केंद्रांतून रुग्णाच्या हाती पडते ती ड्राय फिल्म. ती संगणकाला जोडलेल्या प्रिंटरमध्ये उष्णतेने किंवा लेसरने छापली जाते आणि कॅमेऱ्यात तिचा उपयोग नाही. हवी ती डेव्हलपर-फिक्सरमध्ये धुवायची जुन्या पद्धतीची ओली फिल्म. स्तनतपासणीची फिल्म याच कुळातली, पण तिला इमल्शन एकाच बाजूला असते आणि पाठीवर प्रकाश शोषणारा थर असतो. ती अधिक रेखीव चित्र देते. अशा एकतर्फी फिल्मच्या कडेला खाच असते, अंधारात बाजू कळावी म्हणून. दुतर्फी फिल्मला तिची गरज नसते, ती कशीही भरली तरी चालते.

८×१० इंची फिल्म त्याच मापाच्या होल्डरमध्ये सहसा बसते. क्वचित कड थोडी छाटावी लागते. १४×१७ इंची शीटमुळे तर त्या मापाचे कॅमेरे हाताने बांधून वापरणे अनेकांना परवडू लागले. ४×५ इंचासाठी एका ८×१० शीटचे चार तुकडे करतात. मात्र होल्डरमधली खरी जागा नावाच्या मापापेक्षा सुमारे एक षोडशांश इंच कमी असते, म्हणून प्रत्येक तुकडा तेवढा आखूड कापावा. कापताना फिल्म दोन स्वच्छ कागदांच्या मध्ये ठेवावी.

दिवसाच्या उजेडात हिरव्या फिल्मची गती साधारण आयएसओ ८० धरून सुरुवात करता येते. लख्ख उन्हात एफ ३२ ला १/२० सेकंद, एफ ६४ ला १/५ सेकंद. संध्याकाळच्या तांबूस उजेडात किंवा साध्या बल्बखाली मीटर फसवतो, कारण त्याने मोजलेला बराचसा प्रकाश फिल्मच्या खिजगणतीतच नसतो. अशा वेळी गती निम्मी किंवा त्याहूनही कमी धरावी.

खरी कसोटी धुण्यात लागते. या फिल्मचा स्वभाव तीव्र काळ्या-पांढऱ्याचा, आणि दोन्ही थरांची घनता एकमेकींत मिळत असल्याने तो आणखी तीव्र होतो. नेहमीच्या ताकदीच्या डेव्हलपरमध्ये उजळ भाग पाहता पाहता गच्च होतात. त्यामुळे डेव्हलपर पातळ वापरतात. रोडिनाल एकास शंभर पाण्यात, सहा ते आठ मिनिटे, हा रूढ आरंभबिंदू आहे. ओले इमल्शन अतिशय मऊ असते. नखाचा, ट्रेच्या तळाच्या कंगोऱ्याचा किंवा शेजारच्या फिल्मच्या कोपऱ्याचा नुसता स्पर्श ओरखडा ठेवून जातो, आणि दुतर्फी फिल्म पालथी ठेवून वाचवता येत नाही, कारण तिची खालची बाजूही तितकीच नाजूक. सपाट तळाच्या ट्रेमध्ये काच ठेवणे, एका वेळी एकच फिल्म घेणे आणि ती न ढकलता ट्रेचा कोपरा हलकेच उचलून-टेकवून द्रावण हलवणे, हे उपाय पुष्कळ नुकसान टाळतात. डेव्हलपरनंतर आम्लाऐवजी साध्या पाण्यात खळबळून थेट फिक्सरमध्ये घालणे बरे.

दुतर्फी फिल्ममध्ये पुढच्या थरातून गेलेला प्रकाश सुमारे ०.१८ मिलिमीटर जाडीचा पाया ओलांडून मागच्या थरावर किंचित पसरतो, त्यामुळे बारकावे मंदावतात. मागे शोषक थर नसल्याने खिडकी किंवा दिव्याभोवती तेजोवलयही येते. यावर उपाय म्हणजे धुऊन वाळलेल्या निगेटिव्हचा एक थर काढून टाकणे. चांगली बाजू खाली करून फिल्म काचेवर कडेने चिकटपट्टीने बंद करतात आणि वरच्या बाजूवर कपडे धुण्याचे पातळ क्लोरीन ब्लीच पसरतात. थर सुटला की तो स्पंजाने पुसून भरपूर पाण्याने धुतात. चिकटपट्टीत फट राहिली तर ब्लीच खाली शिरून चित्रच खाते. ब्लीच आणि आम्लयुक्त फिक्सर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून हे काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत आणि फिक्सरपासून दूरच करावे. एक थर गेला की घनता जवळपास निम्मी होते, तेव्हा अशी निगेटिव्ह आधीच जास्त गडद धुवावी लागते.

एन्लार्जरने मोठे करायचे किंवा बारकाईने स्कॅन करायचे असेल तरच हा खटाटोप सार्थकी लागतो. निगेटिव्ह कागदावर टेकवून तिच्याच मापाची प्रत काढताना थोडा पसरलेला प्रकाश डोळ्यांना जाणवत नाही. सायनोटाइप, प्लॅटिनम किंवा मीठ-कागदाच्या छपाईला तर घन आणि तीव्र निगेटिव्हच लागते. तिथे या फिल्मचा अवखळ स्वभाव उपयोगी पडतो, आणि पायाची निळी छटाही फारसा अडथळा करत नाही. अशा छपाईसाठी निगेटिव्ह मुद्दाम दोन-तीन मिनिटे जास्त धुतात आणि दोन्ही थर तसेच राखतात.