पेठहून हार्वर्डचा अर्ज

दिवाळी सरली की पेठ तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. भात-नागली निघालेली असते आणि माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. नेमक्या याच दिवसांत, नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत बारावीनंतरच्या प्रवेशाचे अर्ज जातात. आईवडिलांच्या सह्या, उत्पन्नाचा दाखला, मुख्याध्यापकांचं पत्र, सगळं तेव्हाच लागतं. आश्रमशाळेतल्या हुशार मुलीचा अर्ज एवढ्यावरूनही अडू शकतो, म्हणून कागद दसऱ्याच्या आधी हातात हवेत.

पण अर्ज करावा असं तिला वाटलं पाहिजे ना! हार्वर्डचा वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर, म्हणजे सत्तर लाख रुपयांच्या आसपास जातो. हा आकडा ऐकला की घरात विषय तिथंच संपतो. खरं तर हा आकडा ज्यांना परवडतो त्यांच्यासाठी आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन या संस्था परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात. एकदा प्रवेश दिला की घराला न झेपणारा खर्च त्या स्वतः उचलतात. हार्वर्डमध्ये 2025 पासून वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा कमी कमाई असलेल्या घराकडून शिकवणी, राहणं, जेवण यांपैकी कशाचेच पैसे घेतले जात नाहीत, आणि हा नियम देश पाहत नाही. मजुरी करणाऱ्या घराला हार्वर्ड हे आपल्याकडच्या एखाद्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा स्वस्त पडू शकतं. पेठमधल्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाला हे ठाऊक असायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

दार अरुंद आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. यांतल्या बहुतेक ठिकाणी शंभर अर्जांमागे चार ते आठ जणांनाच प्रवेश मिळतो, परदेशी मुलांचं प्रमाण त्याहूनही कमी. बाकीच्या बऱ्याच कॉलेजांत, तुम्ही किती मदत मागता हे प्रवेश ठरवतानाच पाहिलं जातं. तरीही त्यांच्यातली अनेक छोटी कॉलेजं दरवर्षी काही परदेशी मुलांचा जवळपास पूर्ण खर्च उचलतात. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात वाढलेली श्वेता कट्टी 2013 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात पोहोचली ती शिष्यवृत्तीवर. पाटण्याजवळच्या गोणपुऱ्यातल्या प्रेम कुमार या मजुराच्या मुलाला 2022 मध्ये लाफायेत कॉलेजने सुमारे अडीच कोटींची पूर्ण शिष्यवृत्ती दिली. म्हणून यादीत फक्त मोठी नावं नकोत.

आता कागद. बहुतेक कॉलेजांना 'कॉमन ॲप' या एकाच अर्जातून अर्ज करता येतो. त्यात नववीपासूनचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि जास्तीत जास्त 650 शब्दांचा निबंध असतो. मदतीसाठी बहुतेक ठिकाणी 'सीएसएस प्रोफाइल' हा वेगळा अर्ज भरावा लागतो. अर्जाचं शुल्क विनंती केली तर बऱ्याचदा माफ होतं. मुख्याध्यापकांचं दोन ओळींचं पत्र लागतं, एवढंच. शेतमजुराकडे फॉर्म 16 नसतो, आयकर विवरणपत्रही नसतं. तिथं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, कोण किती दिवस कुठे मजुरीला जातं याचं सहीचं निवेदन आणि या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं. आकडे जसे आहेत तसेच लिहावेत. कमाई जास्त दाखवली तर मदत कमी होते आणि मग प्रवेश मिळूनही जाता येत नाही.

निबंधात मुलं थोरामोठ्यांची वाक्यं भरतात. चार महिने शाळेत एकटं राहून धाकट्या भावाचा अभ्यास घेतला, ही गोष्ट वाचणाऱ्याला त्याहून कितीतरी अधिक सांगते. शिफारसपत्राचंही तसंच. 'वर्तणूक चांगली आहे' या शब्दांनी काहीच साधत नाही. मुलीनं वर्गात कुठला प्रश्न विचारला, गणित कसं वेगळ्या रीतीनं सोडवलं, ते सरांनी लिहावं. एमआयटी, हार्वर्डला सॅट परीक्षा पुन्हा सक्तीची झाली आहे. बोडनला ती 1969 पासूनच ऐच्छिक आहे. या सगळ्याचा मोफत सल्ला 'एज्युकेशन यूएसए'च्या मुंबई केंद्रात मिळतो, त्यामुळे जमीन गहाण टाकून एजंटला पैसे देण्याचं कारण नाही.

दहावीनंतर एक वाट आपल्याच राज्यात आहे. मुळशी तालुक्यात पौडजवळ 1997 पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाखा आहे. तिथं ऐपतीनुसार शिष्यवृत्ती मिळते, आणि तिथून शिकलेल्यांना अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत 'डेव्हिस' या शिष्यवृत्ती योजनेचा आधार असतो.

बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोद्याच्या नोकरीचा करार. आज सरकारी योजना आहेत. केंद्राची आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि त्यापुढच्या शिक्षणाला मिळते, जागा मात्र देशभरात वर्षाला फक्त 20. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे; राज्याच्या योजनेची चौकशी तिथं करता येते.

बारावीला जमलं नाही म्हणून वाट बंद होत नाही. गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीच्या भास्कर हलामींच्या घरी पावसाळ्यात मोहाची फुलं शिजवून दिवस काढले जात. कसनसूरची आश्रमशाळा, केळापूरचं शासकीय विद्यानिकेतन, गडचिरोलीत बीएस्सी, नागपुरात एमएस्सी, मग मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात पीएचडी आणि पुढे मेरीलँडमधल्या औषध कंपनीत शास्त्रज्ञ, असा त्यांचा प्रवास. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीला बहुधा फी भरावी लागत नाही. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल महिन्याला पगार मिळतो. पेठहून नाशिकला बीएस्सीसाठी एसटीनं ये-जा करणाऱ्या मुलामुलींना हे पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगायला हवं, कारण त्या प्रवेशासाठी लागणारा प्रयोगशाळेतला अनुभव पुढच्या तीन-चार वर्षांतच गाठीला बांधावा लागतो.