बोरोबुदूर व प्रांबानन

परदेशांत आपल्या ओळखीचें कांहीं दृष्टीस पडलें, कीं प्रवाशाच्या मनाची काय अवस्था होते, हें जावा बेटांत चांगलें कळून येतें. देशाचें राजचिन्ह गरुड, विमानकंपनीचें नांव गरुड, मुक्कामाचें शहर योग्यकर्ता; आणि हें नांव अयोध्येवरून आलें असें तेथील लोकच सांगतात. मनांत अभिमान दाटून येतो व ‘हें सगळें आपलेंच!’ असे शब्द आपोआप तोंडांतून निघतात. आमच्याबरोबर आमचे वडील चुलते काकासाहेब होते. पहिल्या दोन दिवसांत त्यांनीं हे शब्द किती वेळां उच्चारले, याची मोजदाद मुलांनीं ठेवली होती. तो आंकडा आम्ही येथें देत नाहीं. परंतु तेथील दोन प्रमुख वास्तु डोळे भरून पाहिल्यावर हे शब्द फार अपुरे आहेत असें आम्हांस वाटूं लागलें. तें कां, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचे वाटाडे धर्मानें मुसलमान, नांवानें मात्र अस्सल संस्कृत. जावेंत याचें कोणास नवल वाटत नाहीं.

बोरोबुदूर योग्यकर्त्याच्या वायव्येस सुमारें ४० किलोमीटरवर आहे. शैलेंद्र राजांच्या काळीं, इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत, एका नैसर्गिक टेकडीवर काळ्या ज्वालामुखी दगडाची ही प्रचंड रचना चढविली गेली. आपल्याकडील मनुष्य तेथें गेला म्हणजे प्रथम दार शोधूं लागतो. पण येथें गाभारा नाहीं कीं सभामंडप नाहीं. आंत जावयाचेंच नाहीं, फक्त वर जावयाचें. खालीं सहा चौकोनी थर, त्यांवर तीन वर्तुळाकार, आणि माथ्यावर एक मोठा स्तूप. दगड चुन्यानें जोडलेले नसून खांचा करून एकमेकांत बसविले आहेत.

चौकोनी थरांतून प्रदक्षिणेच्या दिशेनें चालूं लागलें, कीं दोन्ही बाजूंस भिंती लागतात. दूरचें कांहीं दिसत नाहीं. दिसते ती भिंतीवरील चित्रकथा. असे कथा सांगणारे शिलापट १,४६० आहेत. पहिल्या सज्जांत बुद्धाचें चरित्र १२० पटांत कोरलें आहे. मायादेवीचें स्वप्न, राजवाडा, गृहत्याग या गोष्टी ओळखूं येतात. पण मायादेवी बसली आहे ती जावेच्या मंडपांत, झाडें तेथलीं, भांडीं तेथलीं, आणि खांबांवर उचललेलीं लांकडी घरेंहि तेथलींच. शिल्पकारानें ग्रंथ आपल्याकडून घेतला, पण डोळे स्वतःचे ठेवले.

याचा मोठा पुरावा म्हणजे तेथील जहाजें. बाजूंस लांकडी तरंगक बांधलेलीं, शिडें फुगलेलीं अशीं गलबतें कांहीं पटांत आहेत. ही बांधणी त्या बेटांतील दर्यावर्दी लोकांची. त्या चित्रांवरून तयार केलेलें ‘समुद्र रक्षा’ नांवाचें जहाज २००३-०४ सालीं जाकार्ताहून निघून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील घानापर्यंत जाऊन पोंचलें. ‘आपले लोक येऊन यांना शिकवून गेले’ असें आपण सहज म्हणतों. ज्यांचीं जहाजें अशीं होतीं, ते लोक आपल्याकडे कोणी येईल म्हणून किनाऱ्यावर वाट पाहत बसले असतील काय?

चौथा सज्जा संपून वर्तुळाकार थरांवर पाऊल टाकतांच भिंती सरतात. कथा नाहीं, चित्र नाहीं. ७२ जाळीदार स्तूप, प्रत्येकांत एक बुद्धमूर्ति, आणि पलीकडे मेरापी ज्वालामुखी. बराच वेळ आमच्यापैकीं कोणीच बोललें नाहीं. मुलेंसुद्धां गप्प होतीं, यावरून काय तें समजावें.

येथील सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. पायथ्याशीं कर्मफलाचे १६० पट बांधतांनाच एका रुंद दगडी ओट्यामागें झांकले गेले. इमारत खचूं नये म्हणून तो ओटा घातला, असें पुष्कळ जाणते मानतात. १८८५ सालीं ते सांपडले. पुढें छायाचित्रें घेऊन पुन्हां झांकण्यांत आले. आज आग्नेय कोपरा तेवढा उघडा आहे. कांहीं पटांवर शिल्पकारासाठीं संस्कृत शब्द खोदलेले आहेत. त्यांतील एक शब्द ‘विरूप’. म्हणजे येथें कुरूप माणसें कोरावीं! बाराशें वर्षांपूर्वींच्या कारखान्यांतील ही सूचना वाचून आम्हांस मोठी गंमत वाटली.

या वास्तूनें भोगलेंहि पुष्कळ. १८१४ सालीं रॅफल्सच्या आज्ञेनें ती रानांतून मोकळी करण्यांत आली. १८९६ सालीं डच सरकारनें सयामच्या राजास येथील आठ गाड्या भरून शिल्पें भेट दिलीं. १९७५ ते १९८२ या काळांत युनेस्कोच्या साह्यानें सज्जे उकलून पुन्हां रचले गेले; २०१० सालीं मेरापीच्या राखेनें सर्व पांढरें झालें, तें गांवच्या लोकांनीं हातीं झाडू घेऊन साफ केलें. आतां दगड झिजूं नये म्हणून वर चढणारांस विणलेल्या चपला देतात. त्यांस तेथें ‘उपानत’ म्हणतात. संस्कृतांतील ‘उपानह’ हाच शब्द! पवित्र स्थळीं पादत्राणें काढण्याऐवजीं घालावयाचीं, हें काकासाहेबांस प्रथम रुचेना. पण शब्दानें त्यांचें समाधान केलें.

दुसऱ्या दिवशीं शहराच्या पूर्वेस सुमारें १७ किलोमीटरवरील प्रांबानन पाहिलें. येथें ब्रह्मा, विष्णु व शिव यांचीं तीन उंच मंदिरें आहेत. मधलें शिवमंदिर ४७ मीटर उंच. इसवी सन ८५६ च्या शिलालेखांत याच मंदिराचें वर्णन असावें असें मानतात. तें ढांसळून दगडांची रास झालें होतें. दगड जुळवून शिवमंदिर १९५३ सालीं पुन्हां उभें राहिलें.

शिवमंदिराच्या कठड्यावर आंतल्या बाजूनें रामायण सुरू होतें व तें ब्रह्ममंदिरावर पुरें होतें. काकासाहेब अर्थातच आमचे पुराणिक झाले. पण एका पटापाशीं ते अडखळले. मरणोन्मुख जटायु चोंचींतून सीतेची अंगठी रामास देत होता. “हें वाल्मीकींत नाहीं, हें चुकलें,” काकासाहेब म्हणाले. पुढें सेतुबंधनाच्या पटांत वानरांनीं टाकलेले दगड मासे गिळीत होते. तेंहि चुकलें! वाटाडे हंसून इतकेंच म्हणाले, कीं आमच्याकडे असेंच आहे. आणि आमच्या मतें तेंच बरोबर आहे. जावेच्या लोकांनीं रामायण नकलून घेतलें नाहीं. त्यांच्या जुन्या भाषेंत त्यांचें स्वतंत्र रामायण आहे, व तें काव्य कांहीं अंशीं आपल्या भट्टिकाव्यावर आधारलेलें आहे. रामकथा मराठींत, बंगालींत, तमिळांत वेगळाली झाली, तें आपण चूक म्हणतों काय?

शिवमंदिराच्या उत्तर दालनांत महिषासुरमर्दिनी आहे. काकासाहेबांनीं हात जोडले व वाटाड्यांस देवीची कथा सांगितली. त्यांनीं ती आदरानें ऐकून घेतली. मग म्हणाले, “आपण म्हणतां ती दुर्गाच. पण आमच्या आजीनें आम्हांला ही रारा जोंगरांग म्हणून दाखविली.” ही एक राजकन्या. नको असलेला वर टाळण्यासाठीं तिनें एका रात्रींत हजार मंदिरें बांधण्याची अट घातली. त्यानें भुतांकडून ९९९ पुरीं केलीं. तेव्हां तिनें बायकांकडून भात कांडविण्यास आरंभ केला, पूर्वेस जाळ पेटविला. पहांट झाली असें वाटून कोंबडे आरवले व भुतें पळालीं. रागावून त्यानें शाप दिला, आणि हजारावी मूर्ति तीच झाली.

काकासाहेब क्षणभर स्तब्ध राहिले. मग त्यांनीं पांडवांनीं एका रात्रींत बांधलेल्या व पहांट झाल्यामुळें अर्धवट राहिलेल्या आपल्याकडील देवळांच्या कथा सांगावयास सुरवात केली. “तिकडेहि कोंबडाच आरवला काय?” वाटाड्यांनीं विचारलें. तेथून पुढें ते दोघे पुढें व आम्ही मागें, असेंच चाललें. ‘आपलेंच’ हा शब्द त्या दुपारीं कानीं आला नाहीं.

रात्रीं मंदिराच्या पार्श्वभूमीवर रामायणाचें नृत्य पाहिलें. १९६१ पासून तें चालत आलें आहे. संवाद नाहींत, गामेलान वाद्यांच्या साथीवर अंगविक्षेपांनींच कथा उलगडते. नर्तकांपैकीं पुष्कळ मुसलमान असतात. सुवर्णमृग झालेल्या मुलानें इतक्या सुंदर उड्या मारल्या, कीं सीतेचा हट्ट आम्हां सर्वांस पटला.

सहकुटुंब जाणारांस थोडी माहिती. उघड्या रंगमंचावरील प्रयोग पावसाळा सोडून, साधारण मे ते ऑक्टोबरपर्यंत होतात. बोरोबुदूरच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्या वडील मंडळींनीं पहिल्याच सज्जांत सावकाश हिंडावें, कारण बुद्धचरित्र तेथेंच आहे. शाकाहारी मंडळींस भात, उकडलेल्या भाज्यांचें गादो-गादो व सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, ज्यांस टेंपे म्हणतात, सर्वत्र मिळतात. मात्र तेथील चटण्यांत बहुधा ‘तेरासी’, म्हणजे आंबवलेला जवळा असतो. तेव्हां आधीं विचारावें. टेंपे आमच्या मुलांस फार आवडला. काकासाहेबांनीं बरोबर नेलेल्या मेतकुटाचा डबा तेवढा वाटाड्यांस देऊन टाकला.