एम ८२ : ताऱ्यांच्या जन्मनोंदी कशा वाचतात?

सप्तर्षींच्या परिसरात, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर, मेसिएच्या यादीतील ८२ व्या क्रमांकाची दीर्घिका आहे. जर्मन ज्योतिर्विद योहान बोडे यांनी ती १७७४ साली पाहिली. लहान दुर्बिणीतून ती चिरुटासारखी लांबट दिसते. आपल्या अख्ख्या आकाशगंगेत वर्षाकाठी जेमतेम एक-दोन सूर्यांइतक्या वायूचे तारे बनतात. एम ८२ च्या मध्यावर, काही हजार प्रकाशवर्षांच्या टापूत, त्याच्या कित्येक पट. हा वेग पहिल्यापासूनचा असता तर वायूचा साठा केव्हाच संपला असता. म्हणजे तारकाजन्माचा हा भडका अलीकडचा. पण अलीकडचा म्हणजे कधीचा?

ताऱ्याच्या अंगावर जन्मतारीख लिहिलेली नसते. मात्र एका गुच्छातले तारे जवळजवळ एकाच वेळी जन्मतात, शाळेतल्या एका वर्गासारखे. त्यांतले भारी, निळे तारे इंधन उधळून कोटीभर वर्षांत संपतात. सूर्यासारखे सुमारे १००० कोटी वर्षे टिकतात. निळे तारे शिल्लक असतील तर गुच्छ तरुण, ते गेले असतील तर गुच्छ लालसर आणि वयस्क. असे अनेक गुच्छ तपासून वयांची यादी केली, की दीर्घिकेचा इतिहास हाती येऊ लागतो.

इथेच मेख आहे. एम ८२ धुळीने भरलेली आहे आणि धूळही प्रकाश लालसर करते. (पेलाभर पाण्यात दुधाचे काही थेंब टाकून पलीकडून बॅटरीचा झोत सोडा, दिवा तांबूस दिसेल. वर्गात हा प्रयोग जरूर करावा.) त्यामुळे तरुण गुच्छ धुळीआडून म्हातारा भासतो. २००१ साली हबल दुर्बिणीने टिपलेल्या रंगांवरून चकतीच्या एका भागात सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी ताऱ्यांची मोठी पिढी जन्मल्याचा निष्कर्ष निघाला होता. पुढे चकतीतल्या गुच्छांचे वर्णपट घेतले गेले. वर्णपटातील हायड्रोजनच्या शोषणरेषा किती ठळक, हे ताऱ्यांच्या तापमानावर ठरते. धूळ त्यांना फसवू शकत नाही. २००८-०९ च्या या मोजणीत वये १५ कोटी वर्षांच्या आसपास एकवटलेली आढळली. आकडा एकदम पावपटीवर आला!

हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. शेजारच्या एम ८१ या मोठ्या दीर्घिकेजवळून एम ८२ गेली, याची खूण म्हणजे दोघींना जोडणारे हायड्रोजनचे पट्टे. रेडिओ दुर्बिणींनी घेतलेला त्यांचा नकाशा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिती प्रतिमाने ही जवळीक साधारण २० ते ३० कोटी वर्षांपूर्वीची ठरवतात. तारे ६० कोटी वर्षांपूर्वीचे मानले, तर कार्य आधी आणि कारण मागून! १५ कोटी मानले की क्रम जुळतो. आम्हांला दुसरी मोजणीच अधिक पटते.

गाभ्यात धूळ इतकी दाट, की तिथे अवरक्त किरणांनीच पाहावे लागते. २००३ च्या अशा अभ्यासानुसार तिथे दोन भडके उडाले : एक सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी, दुसरा ५० लाख वर्षांपूर्वी. ही वये प्रकाश तिथून निघाला त्या क्षणीची. तो इथवर यायला आणखी १ कोटी २० लाख वर्षे लागली आहेत; त्या भडक्यांतले बहुतेक भारी तारे एव्हाना संपलेही असतील.