देहभार आणि करभार

कृष्णेच्या खोऱ्यात साखरेकडे केवळ एक खाद्यपदार्थ म्हणून पाहणे कोणालाही शक्य नाही. रेठऱ्याचा ‘कृष्णा’, यशवंतनगरचा ‘सह्याद्री’, भुईंजचा ‘किसन वीर’, सांगलीचा वसंतदादांच्या आणि साखराळ्याचा राजारामबापूंच्या नावाचा, अशा सहकारी कारखान्यांनी सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या हाती रोकड पैसा आणला आणि येथील सार्वजनिक जीवनास आकार दिला. म्हणूनच अपायकारक अन्नावर कर बसवून लठ्ठपणास आळा घालता येईल काय, हा जगभर चर्चिला जाणारा प्रश्न येथे अधिक जबाबदारीने विचारावा लागतो. कारण ज्या पदार्थाकडे बोट दाखवावयाचे, त्याच्यावरच येथील असंख्य कुटुंबांचा प्रपंच चालतो.

परंतु प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली देशातील सुमारे 21 टक्के स्त्रिया व 19 टक्के पुरुष अतिवजनाचे आढळले होते. 2019-21 च्या पाहणीत ही प्रमाणे अनुक्रमे 24 व 23 टक्क्यांवर गेली. शिवाय आपल्याकडे काटाही पुरते सत्य सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी 2004 साली स्वतःची आणि एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे असूनही इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी होती 9 टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात 21 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही मधुमेहाची बीजे दडलेली असतात, हा त्याचा इत्यर्थ होय.

आता कराचा अनुभव पाहू. मेक्सिकोने 1 जानेवारी 2014 पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला, तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांची खरेदी सरासरी 6 टक्क्यांनी घटली आणि ही घट गरीब कुटुंबांत सर्वाधिक होती. ह्याउलट, डेन्मार्कने ऑक्टोबर 2011 मध्ये संपृक्त चरबीवर कर लादला तो लोणी, चीज, मांस अशा नित्याच्या जिनसांवर पडला. लोक सरहद्द ओलांडून जर्मनीत खरेदीस जाऊ लागले आणि सव्वा वर्षातच तो कर रद्द करावा लागला. आपल्याकडे म्हशीच्या दुधाचा दरच मुळी फॅटवर ठरतो. तेव्हा डेन्मार्कचे अनुकरण केल्यास त्याचा पहिला फटका दोन म्हशींवर संसार रेटणाऱ्या बाईला बसेल, हे उघड आहे. केरळ सरकारने जुलै 2016 मध्ये नाममुद्रा असलेल्या उपाहारगृहांतील पिझ्झा-बर्गरवर 14.5 टक्के कर बसविला. तो वर्षभरात वस्तू व सेवा करात विलीन झाला. परंतु मोजक्या शहरी हॉटेलांपुरता असा कर साताऱ्यात बसविला, तरी खेड्यातील किराणा दुकानाच्या दारात टांगलेल्या पुड्यांच्या माळांना त्याचा स्पर्शही होणार नाही.

खरी अडचण त्या पाच रुपयांच्या पुडीत आहे. तिची किंमत वर्षानुवर्षे पाच रुपयेच राहते आणि खर्च वाढला की आतील माल काही ग्रॅमनी कमी होतो. त्यामुळे किमतीच्या टक्केवारीने आकारलेला कर पोराच्या मुठीतील नाण्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यात आपल्या करव्यवस्थेस आरोग्याची दृष्टीच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वायुमिश्रित गोड पेयांवर 40 टक्के कर आहे, मग त्यांत साखर असो वा नसो. परंतु फळांच्या रसाच्या नावाखाली विकली जाणारी साखरेची पेये, बिस्किटे, चॉकलेट आणि पुडीबंद फरसाण ह्यांच्यावर त्याच दिवसापासून केवळ 5 टक्के आकारले जातात.

ह्या दृष्टीने ब्रिटनचा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तेथे साखरयुक्त पेयांवरील कराची 2016 साली घोषणा झाली व एप्रिल 2018 पासून वसुली सुरू झाली. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमहून कमी साखर असल्यास कर नाही, 5 पासून लिटरमागे 18 पेन्स आणि 8 पासून 24 पेन्स, असा तो श्रेणीबद्ध कर होता. मधल्या दोन वर्षांच्या मुदतीत अनेक उत्पादकांनी आपल्या पेयांतील साखर आपणहून कमी केली. म्हणजे कर ग्राहकास दंड न ठरता कारखानदारास शिस्त लावणारा ठरला, आणि तिजोरीत कमी पैसा पडणे हेच त्याचे यश मानले गेले.

असा कर येथे आला, तर ऊस उत्पादकाचे काय, ही शंका रास्त आहे. परंतु उसाला वाजवी व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवून देते, साखरेचा किमान विक्रीदर 2019 मध्ये किलोस 31 रुपये ठरविण्यात आला, आणि इथेनॉलमुळे ऊस गाळूनही साखर न करण्याची वाट मोकळी झाली आहे. कर घरातील चहाच्या साखरेवर वा सणासुदीच्या कंदी पेढ्यावर नव्हे, तर बाटलीत आणि पुडीत दडविलेल्या साखर-मिठावर बसवावयाचा आहे. जीवनावश्यक वस्तूवरील कर गरिबाला किती जाचतो, हे मिठाच्या कराने देशास शिकविले. आणि अन्याय्य कायदा रयत मुकाट्याने सोसत नाही, हे 1930 मध्ये बिळाशीच्या जंगल सत्याग्रहाने ह्याच मुलखात दाखवून दिले.

म्हणून ह्या कराची न्याय्यता त्याच्या उत्पन्नाच्या विनियोगावर ठरेल. त्याची पै न् पै स्वतंत्र खाती जमा होऊन माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी-बाजरी चांगल्या भावाने खरेदी करण्यास, शालेय पोषण आहारात डाळ, दूध व फळे वाढविण्यास आणि ग्रामीण दवाखान्यांतून मधुमेहाची तपासणी करण्यास खर्च व्हावी. राज्य सरकारने 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून अपायकारक पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. त्याची अंमलबजावणी कसोशीने झाली पाहिजे, कारण जिभेची सवय त्याच वयात लागते. वाईट अन्न महाग करण्याचा अधिकार शासनास जरूर आहे. परंतु चांगले अन्न स्वस्त करण्याचे कर्तव्य पार पाडल्यावाचून त्याने तो अधिकार वापरू नये.